रविवारची हवा

सहकारनगर, पुणे
३ सप्टेंबर २०२४

श्री. बद्रीनाथराव यांना नमस्कार.

फोनवर आपल्याला नीट ऐकू येत नाही, आणि आपला मोबाइल बहुतेक वेळ प्रियदर्शनीच्या हातात असतो. तिला हे एवढ्यात कळू नये म्हणून पत्र. बाळ महिन्याचं आहे, बाळंतिणीला काळजी नको. आमोदही तिला काही बोलणार नाही, असं त्याने कबूल केलं आहे.

परवा रविवारी साताऱ्याहून परतत होतो. आमोद गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, कुसुम मागे. कात्रजचा बोगदा संपल्यावर उतार आहे. रस्ता ओला होता. पुढच्या टेम्पोने ब्रेक दाबला, आमोदनेही दाबला. टेम्पो थांबला. आपल्या जावयाची गाडी थांबली नाही, घसरत जाऊन दुभाजकाला लागली. कुसुमचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आहे. आम्हा दोघांना काही नाही. गाडीचा दिवा फुटला, पत्रा चेपला. ती दुरुस्तीला आहे.

मी उतरून टायर पाहिले. चारही टायरांचा मधला पट्टा झिजला आहे, कडा नव्यासारख्या आहेत. हे टायर आपण गेल्या अधिक महिन्यात आमोदला वाण म्हणून दिलेले. त्याला जेमतेम वर्ष झालं. मी दोष देत नाही, माहिती देतो.

निगा राखली नाही, असं कोणी म्हणू नये म्हणून पुढचं लिहितो. दर रविवारी सकाळी मंडईत जाताना मी आमोदला पंपावर थांबायला लावतो. तो गाडीत बसून मोबाइल पाहतो. त्याला गाडी चालवता येते, सांभाळता येत नाही. मी उतरतो, वाकतो, टायरवर छापलेला आकडा वाचतो आणि तेवढी हवा भरून घेतो. चव्वेचाळीस. पंपावरचा माणूस एकदा म्हणाला, "काका, एवढी?" मी म्हणालो, "छापलंय. वाचता येत असेल तर वाच." बुधवार पेठेतल्या छापखान्यात मी जन्मभर मुद्रितं तपासली. छापलेल्यापुढे अंदाज चालवायची मला सवय नाही.

या टायरांचं पहिल्यापासून एक होतं. रविवारी भरलेली हवा पुढच्या रविवारी उतरलेली असे, चारही चाकांत सारखी. मी आमोदला तेव्हाच म्हणालो होतो, मालात खोट आहे. मे महिन्यापासून मात्र हवा टिकू लागली. टायर गाडीला रुळले, असं मी समजलो. आमोद दर पंधरवड्याला बाळंतिणीला आणि आता बाळाला पाहायला आपल्याकडे येतो, तोही याच टायरांवर, हे आपल्या लक्षात आणून देतो.

बाळाचे फोटो पाहिले. नाक आमच्याकडचं आहे.

आपला
दीनानाथ


अंबाजोगाई
९ सप्टेंबर २०२४

दीनानाथराव, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात आलं. वाचलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. विहीणबाईंचा उजवा हात. प्रिया बाळंतपणाला इकडे निघाली तेव्हा त्यांनी त्याच हाताने तिची ओटी भरली होती.

टायर मी निवडले होते. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे आणि चांदीचा दिवा सगळेच देतात. आमोदरावांच्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. मी म्हटलं, आपली लेक त्या गाडीत बसते, टायरच देऊ. पुण्याला आलो, त्यांना घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने तीन प्रकार मांडले. मी तिन्हींवरून हात फिरवला, कापडावरून फिरवतो तसा, आणि मधला घ्या म्हणालो. आमोदरावांच्या मनात दुसरे असावेत. ते बोलले नाहीत. सासऱ्यापुढे कोण बोलतं.

आमच्या दुकानाची एक रीत आहे, वडिलांपासूनची. विकलेलं कापड विटलं, आटलं, विरलं, तर गिऱ्हाइकाला 'कसं धुतलं' हे विचारायचं नाही. परत घ्यायचं आणि दुसरं फाडून द्यायचं. हवेबद्दल तुम्ही एवढं लिहायला नको होतं. मी विचारलं नसतं. माल माझा होता. नवे चार टायर पाठवतो, नाही म्हणू नका.

दुसरं असं की, दिवाळीनंतर लेकीला आणि बाळाला पोचवायला मी येणार होतो. आता माझा पुतण्या उत्तरेश्वर येईल. विहीणबाईंच्या प्लास्टरसमोर बसून चहा प्यायचं मला जमणार नाही.

प्रियाला काही सांगितलं नाही. मे महिन्यात आली तेव्हापासून तिचा जीव तिकडेच आहे. परवा बाळाला पाजता पाजता तिने मध्येच विचारलं, "अण्णा, बाबा अजून दर रविवारी हवा भरतात का हो? आमोद काही बोलला?" मी म्हटलं, भरतच असतील, शिस्तीचा माणूस आहे. सासऱ्याच्या सवयीसुद्धा तिला आठवतात, पाहा.

तुमचा
बद्रीनाथ


सहकारनगर, पुणे
१६ सप्टेंबर २०२४

श्री. बद्रीनाथराव यांना नमस्कार.

पत्र मिळालं. टायरांची अपेक्षा नव्हती. परंतु विकलेला माल बदलून देण्याची आपली रीत आहे असं आपण लिहिता, तेव्हा ती मोडायला लावणं बरं नव्हे. पाठवावेत.

या वेळी माप लिहून देतो. १६५/८० आर १४. टायरवर छापलेलं आहे तसंच उतरवलं आहे. दुकानदाराला हा कागद दाखवावा आणि त्याच्याकडच्या टायरशी ताडून पाहावा. कापड हात लावून कळतं. रबर वाचावं लागतं.

कुसुम शेजारी बसली आहे. ती म्हणते, हे वाक्य खोडा. मी म्हणालो, वाक्य बरोबर आहे. ती म्हणते, बरोबर असलं म्हणून काय झालं. तिला डाव्या हाताने लिहिता येत नाही, नाहीतर तिने वेगळं पत्र लिहिलं असतं. लेकीला पोचवायला बद्रीनाथरावांनीच यायला हवं, असंही ती म्हणते. तिचा निरोप पोचवला.

उत्तरेश्वर यांचं स्वागत आहे. येण्याआधी कळवायला सांगावं. उद्या विसर्जन, त्यामुळे टपाल एक दिवस उशिरा निघेल.

आपला
दीनानाथ


अंबाजोगाई
१ ऑक्टोबर २०२४

दीनानाथराव, नमस्कार.

टायर काल लातूरहून ट्रान्सपोर्टने रवाना झाले. पावती सोबत आहे. उत्तरेश्वर गेला होता, तुमचा कागद त्याच्याकडे दिला होता. मी गेलो नाही. हात लावलेला नाही.

तुमचं वाक्य बरोबर आहे.

दसरा तोंडावर आहे, दुकानात गर्दी असते. परवा घाटनांदूरच्या एक बाई आल्या. लेकीला साडी घ्यायची होती. आमच्याकडे लोक भाव करायला येत नाहीत, विचारायला येतात. त्या म्हणाल्या, "शेठ, हात लावून सांगा, टिकंल का ही." मी साडी हातात घेतली आणि माझा हात तिच्यावर फिरेना. घडीला लावलेली चिठ्ठी होती, ती त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "ते तर मलाबी वाचता येतंय." आणि पलीकडच्या दुकानात गेल्या.

हल्ली पुढे उत्तरेश्वर बसतो. मी मागे घड्या घालतो. सत्यशीला विचारते, अहो, काय झालं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आहे.

विहीणबाईंचं प्लास्टर कधी निघणार तेवढं कळवा.

तुमचा
बद्रीनाथ


सहकारनगर, पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

श्री. बद्रीनाथराव यांना नमस्कार.

टायर मिळाले. माप बरोबर आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसवले. दसऱ्याला मंडईतून झेंडू आणून गाडीची पूजा केली. आमोद आंघोळीला गेला होता, म्हणून चालकाच्या दाराला गंध मी लावलं.

जुने टायर दुकानात सोडले नाहीत. घरी आणले. पार्किंगमध्ये जिन्याखाली ठेवले आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे इथे कशासाठी म्हणून विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

रविवारी पंपावर जाणं बंद केलं आहे. यापुढे आमोद पाहील.

प्लास्टर पुढच्या सोमवारी निघेल.

आणखी एक लिहायचं होतं. कागदावर जागा उरली नाही.

आपला
दीनानाथ


अंबाजोगाई
१८ ऑक्टोबर २०२४

दीनानाथराव, साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राचा अर्धा कागद कोरा होता. तरी जागा उरली नाही असं तुम्ही लिहिलंत. मी समजलो. तुम्हाला सगळं कळलं आहे आणि मोठेपणाने माझ्या तोंडावर बोलत नाही. म्हणून मीच लिहितो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमोदराव आले. प्रिया बाळाला घेऊन अंगणात गेली. गाडीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे टायर नवे कसे?" मग त्यांना कात्रजचं सांगावं लागलं. विहीणबाईंच्या हाताचंही सांगितलं. तिने बाळ सत्यशीलेकडे दिलं आणि तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

दीनानाथराव, तुम्ही रविवारी भरलेली हवा ती सोमवारी काढत होती. ऑफिसला जायच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन, चारही चाकांतली. हवा मोजायचं यंत्र तिने घेतलं होतं, ते पर्समध्ये ठेवायची. टायर दिले तेव्हापासून मे महिन्यात इकडे येईपर्यंत. येताना आमोदरावांना सांगून आली होती की आता तुम्ही काढत जा. ते विसरले.

मी तिच्यावर ओरडलो. सासऱ्याला सरळ का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "अण्णा, सांगितलं असतं तर ते पुन्हा पंपावर गेलेच नसते. छापखाना सुटल्यापासून वाकून वाचावं असं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं."

हे काही उत्तर नव्हे. सासऱ्याने भरावी आणि सुनेने त्याच्या पाठीमागे काढून टाकावी, हे आमच्या घरात कोणी शिकवलेलं नाही. तुम्ही मालात खोट आहे म्हणाला होतात. टायरांत नव्हती. माझ्या लेकीच्या वागण्यात होती, आणि तीही मीच दिलेली.

हवा किती असावी, जास्त कोणती, कमी कोणती, मला कळत नाही. मी तिला विचारलंही नाही.

तिला पदरात घ्या. बोलायचं ते मला बोला. ती घरी येईल तेव्हा चार माणसांत हा विषय काढू नका, एवढीच विनंती.

तुमचा
बद्रीनाथ


सहकारनगर, पुणे
२२ ऑक्टोबर २०२४

बद्रीनाथराव,

माझा चष्मा सापडत नव्हता, म्हणून तुमचं पत्र कुसुमने वाचून दाखवलं. 'पदरात घ्या' इथवर ती आली, थांबली, कागद माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. उरलेलं मी हातभर अंतरावर धरून वाचलं.

तुम्हाला काही कळलेलं नाही. मला कळलं होतं, पण दुसरंच.

दसऱ्याला गंध लावायला मी चालकाच्या बाजूचं दार उघडलं. इतकी वर्षं गाडी घरात आहे, त्या दाराने मी कधी बसलो नाही. दार मिटल्यावर झाकला जाणारा एक खांब असतो. त्यावर कंपनीने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर छापलं आहे, हवा तेहतीस. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल तर छत्तीस.

चव्वेचाळीस हा आकडा टायरवरचा. त्याच्या आधी बारीक अक्षरांत एक शब्द आहे, कमाल. मी तो दर रविवारी वाचत होतो. टायरला सोसवते ती हद्द टायरवर लिहिलेली असते. गाडीला लागते तेवढी हवा गाडीवर लिहिलेली असते. हद्दीपर्यंत भरली की टायर मधोमध फुगतो, तेवढाच पट्टा रस्त्याला टेकतो आणि तोच झिजतो. कडा नव्या राहतात. ओल्या रस्त्यावर असा टायर धरत नाही. तुम्ही हात फिरवून निवडलेला माल चांगला होता. प्रियदर्शनी होती तोवर तो चांगलाच राहिला. ती गेल्यावर चार महिन्यांत मी त्याची वाट लावली, आणि तुम्हाला लिहिलं की टायर गाडीला रुळले.

हे मला दसऱ्याला कळलं. पत्र मी त्यानंतर दोन दिवसांनी लिहिलं. अर्धा कागद कोरा होता हे तुम्ही बरोबर पाहिलंत. नवे टायर बसवून झालेच आहेत, आता काय, असं मी स्वतःला सांगितलं. ते काढून परत पाठवता आले असते. पाठवले असते तर कारण लिहावं लागलं असतं.

सोमवारचं मात्र मला तुमच्या पत्रातून कळलं. कुसुमला ठाऊक होतं. तिने खिडकीतून पाहिलं होतं. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तुम्हाला कोणी काही सांगायचं असतं का?" थोड्या वेळाने म्हणाली, "ती गेल्यावर मीच खाली जायला हवं होतं. पण मला वाकवत नाही." काल तिचं प्लास्टर निघालं. मनगट अजून पुरतं वळत नाही. कणीक आमोद मळतो.

मी तपासलेलं दर आठवड्याला कोणीतरी पुन्हा तपासत होतं, आणि समासात खूण न करता दुरुस्त करत होतं. आमच्या धंद्यात असं माणूस मला भेटलं नाही. मी स्वतः लाल खुणा करणारा. नव्या जुळाऱ्यांची चूक मी मोठ्याने वाचून दाखवत असे, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावी. तुम्ही मला विनंती करता की चार माणसांत विषय काढू नका. मी तो काढेन अशी तुम्हाला भीती वाटली. ती बरोबर होती. महिन्याभरापूर्वी मी काढला असता.

उत्तरेश्वरांना पाठवू नका. माहेरच्यांनी पोचवायचं ही रीत मला माहीत आहे. या वेळी आम्ही न्यायला येतो. शनिवारी, ९ नोव्हेंबरला. कुसुम, आमोद आणि मी.

मला तुमच्या दुकानात यायचं आहे, गिऱ्हाइकं असतील तेव्हा. कुसुमला साडी घ्यायची आहे. ती तुम्ही पुढे बसून निवडायची, हात लावून. चिठ्ठी मी वाचणार नाही.

ते रबराचं वाक्य मी खोडतो. गेलेलं पत्र खोडता येत नाही, हेही मला ठाऊक आहे.

प्रियदर्शनीला विचारा, निघताना हवा किती भरू. दारावर लिहिलेलं आहे. तरी तिने सांगावं.

दीनानाथ


अंबाजोगाई
२८ ऑक्टोबर २०२४

दीनानाथराव, नमस्कार.

या. शनिवारी आमच्याकडे बाजाराची गर्दी असते. तुम्हाला बसायला खुर्ची काढून ठेवतो. बोलायचं काही कारण नाही. 'कसं धुतलं' हे गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं आणि त्याने आपण होऊन सांगितलं तर दुसऱ्याला सांगायचं नसतं. वडील असं म्हणायचे. तुमचं पत्र मी कपाटात ठेवलं आहे. सत्यशीलेला एवढंच सांगितलं की व्याही येतात, पुरण घाल.

विहीणबाईंची साडी अजून काढलेली नाही. त्या समोर बसल्या की काढू. हात चालतो का पाहू.

त्यांच्या हाताला तिळाचं तेल कोमट करून लावा, जोर न देता.

दुकान चार दिवस उत्तरेश्वर पाहील. परतताना मी तुमच्याबरोबर येतो. मागे तिघांत मावेन, हल्ली बारीक झालो आहे.

प्रियाला विचारलं. ती म्हणाली, बाबांना सांगा, येताना तेहतीस. निघायच्या आधी भरा, टायर थंड असताना. परतताना गाडी भरलेली असेल, तेव्हा छत्तीस.

बद्रीनाथ